मांडवा ते रेवदंडा, आतल्या वाटांनी, एका दिवसात: सायकलवर जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला राहणारी, रोज पहाटे वरळी ते मरीन ड्राइव्ह ३०-३५ किलोमीटर हायब्रिड सायकल चालवणारी व्यक्ती. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरायचं, मोठा रस्ता टाळून वाड्यांमधून आणि खाडीकाठच्या कच्च्या वाटांनी मुरुड गाठायचं आणि त्याच दिवशी बोटीने परत यायचं. जमेल का? तयारी काय करावी?

मुरुड नाही. रेवदंडा जमेल, आणि चांगला जमेल. मुरुड मांडव्यापासून ७० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन १४० आणि वर काशीदच्या पुढेमागे चढ-उतार. मुक्काम असेल तर जरूर जा, पण त्याच दिवशी परतायचं असेल तर तो विचार सोडा. मांडवा ते रेवदंडा डांबरी रस्त्याने ३७-३८ किलोमीटर पडतं, आतल्या वाटा धरल्या की ४२ धरा. जाताना आतून आणि येताना डांबरीवरून, असे मिळून ८० किलोमीटर होतात. दादर ते धक्का जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर वेगळे.

या सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र किलोमीटरचा नाही, घड्याळाचा आहे. मरीन ड्राइव्हवर ताशी २२-२४ ने जाणारा माणूस वाडीतल्या वाटेवर ताशी १२-१३ वर येतो. गतिरोधक, आंधळी वळणं, रस्ता विचारणं, वाट संपली म्हणून मागे फिरणं, सगळं त्यात आलं. समजा नऊला मांडव्याला उतरलात आणि परतीची बोट साडेपाचची आहे. (वेळापत्रक हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतं, आदल्या दिवशी बघून घ्या. रो-रोवर सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं.) जाताना ४२ किलोमीटरला सव्वातीन तास, थांबे पाऊण तास, म्हणजे एक वाजता रेवदंडा. तासभर जेवण आणि सावली. दोनला निघालात तर ३८ किलोमीटरला ताशी १७ ने सव्वादोन तास, थांबे अर्धा तास, म्हणजे पावणेपाचला मांडवा जेट्टी. हातात पाऊण तास उरतो. एक पंक्चर आणि एक चुकलेलं वळण यांच्यासाठी तो पुरतो, तिसऱ्या अडचणीसाठी नाही.

म्हणून दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं. नागावात असाल तर नागावातून, चौलात असाल तर चौलातून. साडेअकरापर्यंत अलिबाग मागे पडलं नसेल तर रेवदंडा विसरून आक्षी-नागाव करून या. "एवढं जवळ आलोय, आता बघूनच जाऊ" असं म्हटलं की बोट चुकलीच. आणि शक्यतो शेवटची फेरी धरू नका, तिच्या आधीची धरा. शेवटची ही राखीव.

परतीला डांबरीवरही ताशी १७ चाच वेग का धरायचा, तर वारा. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो, ते इथे मांडीच्या स्नायूंना कळतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारा वारा हलका असतो. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो. किनारा उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे रेवदंड्याहून मांडव्याकडे येताना तो तोंडावर. रेवदंडा, चौल, नागाव इथे नारळी-पोफळीच्या वाड्या रस्त्याला लागून असल्याने आडोसा मिळतो. आक्षीच्या खाडीवरच्या पुलावर आलात की पहिला तडाखा बसतो, आणि अलिबागनंतर उघड्या पट्ट्यांवर तो परत परत भेटतो. तिथे वेग टिकवायचा हट्ट धरू नका. एक गिअर हलका करा, पायांची गती मिनिटाला ७५-८५ फेऱ्यांवर ठेवा आणि वेग जितका कमी व्हायचा तितका होऊ द्या. दोघं असाल तर पाच-पाच मिनिटांनी पुढे-मागे व्हा.

आता वाट. मांडव्याहून अलिबागचा मुख्य रस्ता झिराड-चोंढीवरून जातो. तुम्ही सासवणे-आवास-किहीम अशी किनाऱ्याकडची बाजू धरा. सासवण्यात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं शिल्पसंग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे हेच ते करमरकर. उघडं असेल तर वीस मिनिटं द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे थळ, वरसोली, अलिबाग. अलिबागमध्ये नाश्ता, पाणी, गरज पडली तर सायकलचं दुकान. शहरातून बाहेर पडून पूल ओलांडला की आक्षी. इथे रस्त्याकडेला शिलालेख आहे, इ.स. १०१२ चा मानला जाणारा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. मग नागाव, चौल, रेवदंडा.

वाड्यांमधली वाट म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. वळणाआधी घंटी वाजवा, कारण समोरून दूधवाला मोटरसायकलवर येत असतो. झावळी पडलेली असेल तर तिच्यावरून सायकल घालू नका. देठाचा जाड भाग उसळून थेट आऱ्यांमध्ये किंवा डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागात, जातो. भातकापणीनंतर वाटेवर पेंढा पसरलेला असतो, तो दिसायला निरुपद्रवी वाटतो. पण त्याच्या काड्या डिरेलरच्या दोन छोट्या चाकांभोवती सुतासारख्या गुंडाळल्या जातात आणि गिअर आपोआप सरकायला लागतात. तसं झालं की पायडल मारत राहू नका. उतरा, चेन मागे फिरवा, काड्या हाताने ओढून काढा.

बऱ्याच वाटा आज कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकाशी संपतात. मोबाइलच्या नकाशावर त्या आरपार दिसतात. नकाशापेक्षा माणसं खरी. "मावशी, ही वाट पुढे निघते का?" एवढं विचारलं की नुसतं उत्तर नाही, पुढची दोन वळणंही कळतात. खासगी वाडीतून जायचं असेल तर आधी विचारायचं, हे वेगळं सांगायला नको. कोळीवाड्यात वाळत घातलेली मासळी आणि जाळी रस्त्याच्या कडेला असतात, तिथे उतरून चालत जा. ते कुणाच्यातरी महिन्याचं उत्पन्न असतं.

खाडीकाठच्या शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधांवरून सायकल चालवण्यात मोठी मजा आहे, पण माती ओळखायला हवी. चिकणमाती वाळली की सिमेंटसारखी टणक होते आणि तिला दोन-दोन बोटं रुंद भेगा पडतात. भेगा वाटेला आडव्या असतील तर फक्त हादरे बसतात. उभ्या असतील तर ३२ मिमीचा टायर बरोबर त्यात उतरतो आणि हँडल हातातून जातं. उघाडीपाशी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दारापाशी, माती जवळजवळ नेहमीच ओली असते. तिथे दहा पावलं सायकल उचलून न्या. ओली चिकणमाती टायरला चिकटते, ब्रेकच्या खाली आणि फ्रेमच्या फटीत भरते, मग चाक फिरतच नाही. काडीने खरवडून काढण्यात वीस मिनिटं जातात.

आक्षी ते नागाव पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, जायचं असेल तर ओहोटी हवी. मच्छीमारांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्याच्या आधी-नंतर सव्वासहा तासांवर ओहोटी. तुम्ही आक्षीला साडेअकरा-बाराला पोहोचणार, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा दिवस सोयीचा. पौर्णिमा-अमावास्येला नेमकी त्या वेळी भरती असते, तेव्हा पुळणीचा नाद सोडा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचं तयार कोष्टकही बघा. ओहोटीची ओलसर, घट्ट वाळू चालते. कोरडी पांढरी वाळू चालत नाही. आणि लाटेच्या पाण्यातून फोटोसाठी सायकल घालू नका, खारं पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आणि पायडलच्या बेअरिंगमध्ये गेलं की महिन्याभरात करकर सुरू होते.

टायरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. फ्रेममध्ये बसत असेल तर ७०० × ३८ (३८ मिमी रुंद) घाला, ३५ सुद्धा चालेल. २८ वर येऊ नका. ७५ किलोचा माणूस आणि चार किलो सामान असेल तर ३८ च्या टायरमध्ये मागे ५०, पुढे ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा. बांधावर किंवा खडीवर लांब जायचं असेल तर दोन्हीकडे ५-८ ने कमी. मुंबईच्या डांबरावर सवय असते ७०-८० ची. तेवढी हवा कच्च्या वाटेवर ठेवली तर चाक दगडावरून उड्या मारतं, पकड जाते आणि मनगटं बधिर होतात. उलट हवा फार कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते. ट्यूब काढल्यावर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर तो काटा नाही, हवा कमी होती असं समजा.

एकच भोक असेल तर बहुधा बाभळीचा काटा किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरची केसासारखी तार. तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे ती आहे. ती न काढता नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर परत बसाल. पॅच लावताना घाई हा एकच शत्रू. ट्यूब पॉलिशपेपरने घासून तिची चकाकी घालवा, पॅचपेक्षा मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. बोट लावल्यावर चिकटेनासं झालं आणि थर निस्तेज दिसला की मगच पॅच. कोरड्या हवेत चार-पाच मिनिटं लागतात, किनाऱ्यावरच्या दमट हवेत आठ धरा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हवा भरताना टिकतो आणि उन्हात तापल्यावर सुटतो, म्हणून तो "चांगला लागला होता" असं वाटतं. वाटेत मात्र पॅचचा खेळ करू नका, सरळ ट्यूब बदला आणि फुटलेली जेवणाच्या वेळी सावलीत दुरुस्त करा. दोन ट्यूब, सहा पॅच, सोल्युशनची न फोडलेली नळी (फोडलेली महिन्याभरात वाळून जाते), टायर काढायचे दोन लीव्हर, पंप.

आणि एक पितळी बोंडू. तुमच्या सायकलला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. हा अडॅप्टर अगदी स्वस्तात मिळतो, व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी फिरवला की मोटरसायकलची हवा सायकलमध्ये भरता येते. पण त्याच्या कंप्रेसरने झटक्यात भरू देऊ नका, थोडी-थोडी भरा आणि अंगठ्याने दाबून बघत राहा. पंक्चरवाला गरम ठशाने पॅच लावतो म्हणाला तर नम्रपणे नको सांगा, सायकलची पातळ ट्यूब त्यात खराब होऊ शकते.

दुसरी मोठी अडचण मागच्या डिरेलरची. बोटीवर सायकली एकमेकींना टेकवून ठेवतात, तिथे कुणाचं तरी हँडल तुमच्या डिरेलरवर दाबतं आणि त्याचा हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) आत वाकतो. डोळ्यांना कळत नाही. गिअर एक-दोन ठिकाणी कुरकुरतात, आपण दुर्लक्ष करतो, आणि पहिल्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांत जातो. मग डिरेलर, आरे, कधी फ्रेमसुद्धा. म्हणून धक्क्यावरच सायकलची उजवी बाजू भिंतीकडे किंवा कठड्याकडे ठेवा आणि मांडव्याला उतरल्यावर मागे उकिडवे बसून बघा: डिरेलरची दोन छोटी चाकं मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांच्या रेषेत, सरळ खाली आहेत का. थोडं जरी आत झुकलेलं दिसलं तर त्या दिवशी सर्वांत मोठ्या चकतीवर जायचंच नाही, असं ठरवा. जादा हँगर सोबत ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐनवेळी मिळत नाही. तो पूर्ण तुटला तर चेन-कटरने चेन तोडून डिरेलर बाजूला काढा, चेन आखूड करा आणि सरळ रेषेत येणाऱ्या मधल्या चकतीवर क्विक लिंकने (चेन जोडायच्या सुट्या कडीने) जोडा. जोर दिला की ही चेन मोठ्या चकतीवर चढून ताणली जाऊ शकते, म्हणून उभं राहून पायडल मारू नका. अशी सायकल मुख्य रस्त्यापर्यंत आणते, तिथून मिनीडोर रिक्षा मिळते. टपावर बांधायला तीन मीटर दोरी असू द्या.

सामान पाठीवर घेऊ नका. घामाने पाठ भिजते आणि सगळा भार बैठकीवर येतो. मागच्या कॅरिअरला एक छोटी बॅग, चार किलोच्या आत. खडबडीत वाटेवर कॅरिअरचे ५ मिमीचे बोल्ट ढिले होतात, पहिल्या वीस किलोमीटरनंतर अ‍ॅलन की लावून बघा. एखादा पडलाच तर बाटलीच्या स्टँडचा बोल्ट त्याच मापाचा असतो. प्लास्टिकच्या चार-पाच केबल-टाय बाकी सगळं धरून ठेवतात.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, पण एकदम नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सहा घोट, तहान लागो न लागो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि मीठ जात राहतं. नुसतं साधं पाणी लिटर-लिटर प्यायलं तर पोट डचमळतं, डोकं दुखतं, आणि माणूस अजून पाणी पितो. तसं करू नका. उन्हात अंगावर काटा यायला लागला किंवा मळमळलं, तर ताबडतोब सावली, मानेवर आणि काखेत पाणी, अर्धा तास पूर्ण विश्रांती. तरी बरं वाटलं नाही तर त्या दिवशी सायकल टेम्पोत आणि तुम्ही डॉक्टरकडे.

खाणं ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पिठूळ-गोड. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. केळी, खजूर, चिक्की, गूळ-पोळीचा रोल, एवढ्यावर दिवस जातो. भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. रेवदंड्याला माशांचं ताट समोर आलं की मन आवरत नाही हे खरं, पण तळलेली तुकडी परतीच्या वाऱ्यात छातीशी येते. भात, आमटी किंवा कालवण, सोलकढी घ्या. तळलेलं मांडव्याला बोटीची वाट बघताना.

महिना डिसेंबर-जानेवारीचा घ्या. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा पूर्वार्धही चांगला. ऑक्टोबर हीटमध्ये नको. पावसाळ्यात रो-रो हवामान बघून चालते, पण बांध आणि वाड्यांच्या वाटा चिखलाच्या. शनिवार-रविवारी अलिबाग रस्ता मुंबईच्या गाड्यांनी भरतो आणि परतीचा तुमचा डांबरी टप्पा नेमका त्यांच्याच वेळेला येतो, म्हणून जमलं तर मंगळवार-बुधवार. जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो, तेव्हा मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा चार्ज करूनच निघा. भाऊच्या धक्क्यावरून दादरला येताना पी. डिमेलो रोडवरचे ट्रेलर अंधारात भेटणार आहेत.

त्याआधी दोन रविवार सराव करा. मार्वेहून बोटीने मनोरी, तिथून गोराई, उत्तन आणि परत, हेच सामान लावून आणि मुद्दाम दुपारचं ऊन-वारा घेऊन. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे. टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण सरळ होईल एवढी ती वर घ्या. बोटं बधिर झाली तर हवा कमी करा आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला. चेनला मेणाचं तेल आदल्या संध्याकाळी लावा, म्हणजे रात्रभरात वाळतं. निघताना ओलं तेल घातलं तर जांभ्याची लाल धूळ त्यात मिसळून चेन कानशीसारखी चकत्या खाते.

परत आल्यावर कितीही दमलात तरी सायकल त्याच रात्री धुवा. गोड्या पाण्याची बादली आणि फडकं, पाइपचा जोराचा फवारा नको, तो मीठ बेअरिंगमध्ये ढकलतो. चेन, ब्रेक, आऱ्यांच्या निपल (रिममध्ये आरे धरणाऱ्या चुका) आणि सीटपोस्टचा सांधा पुसून कोरडा करा, चेनला तेल द्या. सकाळी बॅगेतली वापरलेली ट्यूब आणि पॅच बदलून ठेवा.